ओल्शानीची तुटकी मोजपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे, आणि तुटकी आहे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मला हातात घेऊन कुणी "अरेरे" म्हणायला नको. मला "अरेरे" आवडत नाही.

माझ्या दहा कांड्या आहेत. प्रत्येक कांडी वीस सेंटीमीटरची, बीच नावाच्या झाडाच्या घट्ट लाकडाची. त्या पितळी बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडल्या आहेत. घडी केली की मी कोटाच्या खिशात मावते, उघडली की दोन मीटर होते. म्हणजे व्हायला हवी. पहिल्या कांडीच्या टोकाचा चार सेंटीमीटरचा तुकडा माझ्याकडे नाही. त्यामुळे माझ्यावर दिसणारा पहिला आकडा पाच आहे. मला कोरड्या फरशीवर उभं केलंत, तरी फरशीवर चार सेंटीमीटर पाणी आहे असंच मी सांगणार.

यावरून लोक मला खोटी म्हणतात. मी खोटी नाही. का नाही, ते सांगण्यासाठीच ही गोष्ट आहे.

आज मी शारजात राहते. रोल्ला चौकाच्या मागच्या गल्लीतल्या नऊ मजली इमारतीत, पाचव्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावर. पण माझं गाव दूर आहे. पोलंड नावाच्या देशात नारेव नावाची नदी आहे, आणि त्या नदीच्या काठावर ओल्शानी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका सुताराच्या दुकानात माझ्यावर आकडे उमटले.

ओल्शानीत तेव्हा बाराशे माणसं राहत. गाव काठाच्या उंच बाजूला होतं, समोरचा काठ सखल होता. नारेव सरळ वाहणारी नदी नव्हे. सुटलेल्या वेणीच्या पेडांसारखी ती चार-पाच प्रवाहांत पसरते, मध्ये लव्हाळ्याची बेटं ठेवते आणि पुढे जाऊन पुन्हा एक होते. गावाच्या मध्यभागी गोट्यांच्या फरसबंदीचा चौक होता. चौकाच्या एका टोकाला विटांचं चर्च, आणि मागच्या गल्लीत ज्यू लोकांचं लाकडी प्रार्थनामंदिर. दर मंगळवारी चौकात बाजार भरे. कांदे, मडकी, घोडे आणि फार भांडखोर बदकं. शुक्रवारी संध्याकाळी गल्लीतल्या खिडक्यांत मेणबत्त्या लागत, रविवारी सकाळी घंटा वाजे. नदीला दोन्ही ऐकू येत असणार. ती कुणालाच झुकतं माप देत नव्हती.

माझा पहिला मालक बार्तोश. तो नावाडी होता. त्याची नाव म्हणजे एक मोठा सपाट तराफा होता. दोन्ही काठांना बांधलेल्या जाड दोराला धरून तो तराफा ओढत नेई. दोन घोडागाड्या, शाळेची मुलं, कधी एखादी नवरी, कधी एखादी शवपेटी, सगळं त्याच तराफ्यावरून पलीकडे जाई. त्याशिवाय बार्तोशकडे एक सरकारी काम होतं. रोज सकाळी सात वाजता धक्क्याच्या दगडावर मला उभं करायचं आणि पाणी किती आहे ते वाचायचं. पूर असला की दर तासाला.

आता एक गंमत ऐका. ओल्शानीत पूर उन्हात येई. हिवाळ्यात नदी गोठे. मार्च-एप्रिलमध्ये शेकडो किलोमीटर वर, दुसऱ्याच मुलखात, बर्फ वितळे. गावात आभाळ निरभ्र असे, बायका दोरीवर गाद्या वाळत घालीत असत, करकोचे छपरांवर घरटी दुरुस्त करीत असत, आणि नदी गुपचूप कुरणांत शिरत असे. म्हणून गावातली लहान मुलंसुद्धा आभाळाकडे बघून पुराचा अंदाज करीत नसत. ती मला विचारीत.

त्या मोजणीचे दोन नियम होते. पहिला: वाचणारा लिहिणार नाही आणि लिहिणारा वाचणार नाही. बार्तोश वाचे आणि प्रार्थनामंदिराच्या गल्लीतला औषधवाला मेंडेल वहीत लिही. लिहिण्याआधी मेंडेल आकडा मोठ्याने परत म्हणे.

"अठ्ठेचाळीस," बार्तोश म्हणे.

"अठ्ठेचाळीस की साडेअठ्ठेचाळीस?"

"मेंडेल, ही नदी आहे. खोकल्याचं औषध नाही."

"औषधात अर्धा थेंब चुकला तर एक माणूस मला शिव्या देतो. इथे चुकलं तर बाराशे देतील. पुन्हा बघ."

बार्तोश कुरकुरत पुन्हा वाके. निम्म्या वेळा मेंडेलचंच बरोबर निघे. दुसऱ्या निम्म्या वेळा बार्तोश पुढचा आठवडाभर त्याला ऐकवी.

दुसरा नियम: पूर चालू असताना मोजपट्टी बदलायची नाही. दोन पट्ट्या कधीच अगदी सारख्या नसतात. एकीचं टोक झिजलेलं असतं, दुसरीची बिजागरी सैल असते. मध्येच पट्टी बदलली तर तुम्ही पूर मोजत नाही, दोन पट्ट्यांमधला फरक मोजता. पट्टी वाईट असली तरी चालेल, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच हवी.

मी तेव्हा वाईट नव्हते. पूर्ण होते, शून्यापासून दोनशेपर्यंत. आणि खरं सांगते, थोडी गर्विष्ठही होते.

मग युद्ध आलं. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये पोलंडचे दोन तुकडे झाले. ओल्शानी सोव्हिएत सैन्याकडे गेलं. पुढच्या फेब्रुवारीत एका पहाटे बार्तोशच्या दारावर बंदुकीचे दस्ते आपटले. अर्ध्या तासात निघायचं होतं. बार्तोशच्या बायकोने पीठ घेतलं, गोधड्या घेतल्या. बार्तोशने सवयीने मला खिशात टाकलं. त्याची अकरा वर्षांची मुलगी हांका पाण्याची वही आणायला मेंडेलकडे धावू लागली, पण सैनिकाने तिला दंडाला धरून परत ओढलं. वही मेंडेलकडेच राहिली.

त्यांना मालगाडीच्या डब्यात कोंडलं. एका डब्यात अठ्ठावन्न माणसं. हवा यायला वर एक छोटी खिडकी होती, ती बर्फाने बंद झाली. सैनिक दार ओढून लावत असताना बार्तोशने माझं टोक फटीत घातलं. दार पूर्ण लागलं नाही. बोटभर फट उरली आणि त्या फटीतून हवा आली. दोन दिवस आणि एक रात्र मी तशी उभी होते. लहान मुलांना आळीपाळीने माझ्याजवळ आणून श्वास घ्यायला लावत. मग एका स्टेशनावर पहारेकऱ्याने ते पाहिलं आणि दारावर सगळं बळ लावून लाथ मारली.

माझे चार सेंटीमीटर तिथे गेले. मित्रांनो, मी ते हरवले नाहीत. मी ते दिले. त्यांच्या बदल्यात काय मिळालं, तेही मला ठाऊक आहे.

सोव्हिएत देशाच्या उत्तरेतल्या लाकूडतोडीच्या छावणीत दुसऱ्या हिवाळ्यात बार्तोश वारला. त्यानंतर सुटका झाली तेव्हा हांका आणि तिची आई खाली खाली येत इराणला पोहोचल्या, तिथून जहाजाने आणि रेल्वेने कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला. तिथे पोलंडच्या निर्वासितांसाठी मोठी वसाहत होती, पाच हजार माणसांची. चटईच्या भिंतींच्या खोल्या, त्यांच्या स्वतःच्या शाळा, स्वतःचं चर्च. आणि जवळून वाहणारी पंचगंगा.

हांका चौदा वर्षांची झाली होती. दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन नदीवर गेली.

तिथे तिला तातोबा सुतार भेटला. तो वसाहतीतल्या खोल्यांची दारं दुरुस्त करीत असे. त्याने मला हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि हसू लागला.

"ह्यात इंच कुठं हाईत? आन् सुरुवात कुठं गेली हिची? ही मोजपट्टी हाय का चुलीतलं लाकूड?"

हांकाला मराठी येत नव्हती, पण हसणं कळलं. तिने माझ्या तुटक्या टोकावर बोट ठेवलं, चार बोटं उभी केली आणि आडवा हात करून हवेत एक रेघ मारली. उणे. तातोबा हसायचा थांबला. तो सुतार होता, त्याला लगेच कळलं. "म्हंजी चार वजा. मग काय आडलंय?"

त्या दिवसापासून हांका वाचू लागली आणि तातोबा लिहू लागला. तो पोलिश आकडे शिकला, येदेन, द्वा, त्शी, च्तेरी. ती मराठी शिकली. नियम तेच राहिले. वहीत आकडे जसे दिसतील तसेच उतरवायचे, वजाबाकी नंतर सावकाश करायची, कारण पुरात घाईने केलेली वजाबाकी सगळ्यात आधी चुकते. आणि पाणी चढतंय की उतरतंय हे पाहायला तर वजाबाकी लागतच नाही. काल पन्नास आणि आज साठ, तर पाणी दहाने चढलं. माझे चार कालही नव्हते, आजही नाहीत. फरकात ते येतच नाहीत. ज्या पट्टीला सुरुवात नाही, तीसुद्धा पाण्याची दिशा अचूक सांगू शकते. हे कुठल्याही नव्या पट्टीने मला खोटं पाडून दाखवावं.

इंच नाहीत म्हणून कोल्हापूरचे बाकीचे सुतार मला हसत राहिले. पुढे दहा-बारा वर्षांनी देशात दशमान पद्धत आली, तेव्हा सगळ्यांना सेंटीमीटर शिकावे लागले. मी नुसती उघडून पडून राहिले.

१९४८ मध्ये हांका आईबरोबर इंग्लंडला निघाली. तातोबाने मला पुसून, तेल लावून तिच्यापुढे धरलं. तिने घेतलं नाही. "नदी इथे आहे. वही इथे आहे. पट्टी मी नेली तर वही तुटेल," ती म्हणाली. चांगल्या मराठीत म्हणाली.

तातोबानंतर मी त्याच्या मुलाकडे, मुरलीधरकडे आले. ते कोल्हापुरात विज्ञानाचे शिक्षक झाले. चाळीस पावसाळे त्यांनी माझ्यावरून पंचगंगा वाचली आणि त्यांची मुलगी कुंदा लिही. लहानपणी तिला ते मुळीच आवडत नसे. मैत्रिणी सिनेमाला जात आणि ही घाटावर छत्री, कंदील आणि वही घेऊन उभी.

१९९२ मध्ये हांकाचं पत्र आलं. ती ओल्शानीला जाऊन आली होती. चौक आहे, चर्च पुन्हा बांधलंय. लाकडी प्रार्थनामंदिर नाही. मेंडेल नाही, आणि त्या गल्लीतलं कुणीच नाही. १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्याने गावातल्या सगळ्या ज्यूंना मारलं. तराफ्याच्या जागी सिमेंटचा पूल आहे. करकोचे मात्र आहेत. पाण्याची वही कुठेच सापडली नाही. पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं, "पट्टी अजून कामावर आहे ना?"

होते. कामावर होते. त्या गावाची मोजणारी एकच वस्तू जगात उरली होती आणि ती दुसऱ्या नदीवर मोजत होती. मला कुणी निर्वासित म्हटलं तर म्हणू द्या. मी बदलीवर होते.

आता शारजाची गोष्ट.

कुंदा मोठी झाली, रसायनशास्त्र शिकली आणि दुबईतल्या एका औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम करू लागली. तिथे प्रत्येक तराजूला, प्रत्येक तापमापकाला अचूकतेचं प्रमाणपत्र असतं. प्रमाणपत्र नसेल तर ती वस्तू हातात घेत नाही. मुरलीधर, म्हणजे तिचे अप्पा, एक्याऐंशी वर्षांचे झाले. त्यांची फुप्फुसं थकली. कुंदाने त्यांना शारजाला आणलं. त्यांच्या पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र असतं. ते विजेवर चालतं. वीज गेली तर सोबतचा छोटा सिलिंडर दोन तास पुरतो. अप्पांनी बॅगेत कपड्यांच्या आधी मला ठेवलं होतं.

"अप्पा, इथे नदी आहे का? कशाला आणलीत ती तुटकी पट्टी?"

"मला तरी कुठं काम आहे इथं? मलाही आणलंसच की."

कुंदाची मुलगी आभा तेरा वर्षांची. शारजातच जन्मली. तिला मी आवडले, कारण तिला कुठलीही मोजायची वस्तू आवडते. तिने माझ्यावरून मांजर मोजलं, फ्रिज मोजला, आजोबांची मिशीसुद्धा मोजली. तिच्या मोबाइलवर ओल्शानीच्या पुलाखालची नारेवची आजची पातळी दिसते. आता तिथे यंत्र मोजतं. आभा रोज सकाळी तो आकडा आजोबांना वाचून दाखवते आणि आजोबा तो वहीत उतरवतात. वाचणारी एक, लिहिणारा दुसरा.

मग तो एप्रिलचा मंगळवार आला. दिवसभर असा पाऊस पडला, जसा या वाळवंटाने पाहिला नव्हता. बुधवारी सकाळी आभाळ निळं झालं. ऊन पडलं. शेजारच्या इमारतींत लोक बाल्कनीत येऊन फोटो काढू लागले. "संपलं एकदाचं," कुंदा म्हणाली.

अप्पांनी मास्क बाजूला केला. "ऊन पडलं म्हणजे पूर गेला असं नाही. आभा, पट्टी घे."

ते बरोबर होतं. पाऊस थांबला होता, पण उंच भागातलं पाणी उतरून आमच्या सखल गल्लीत साठत होतं. ओल्शानीसारखंच, उन्हात.

आमच्या इमारतीची रचना समजून घ्या. खाली पार्किंगची फरशी आहे. तिथून तीन पायऱ्या चढलं की लॉबी. लॉबीचा उंबरा फरशीपासून पन्नास सेंटीमीटर उंच. लॉबीत लिफ्ट आहे आणि विजेची खोली आहे. पाणी उंबऱ्यावरून आत गेलं की लिफ्ट बंद, वीज बंद, अप्पांचं यंत्र बंद. पाच मजले जिने उतरणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणजे त्यांना हलवायचं असेल तर पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी, लिफ्ट चालू असतानाच हलवायला हवं. आणि पाणी थांबणार असेल तर हलवू नये हेच चांगलं, कारण घाण पाण्यातून, होडीतून नेताना त्यांचा श्वास आणखी बिघडला असता. सगळं एका प्रश्नावर अडलं होतं: पाणी चढतंय की थांबलंय?

आभाने मला पायऱ्यांजवळच्या खांबाला टेकवून फरशीवर उभं केलं. लिहायला आला हारुन. तो इमारतीचा राखणदार, ज्याला इथे नातूर म्हणतात. तो चितगावचा. पूर म्हणजे काय हे त्याला शिकवावं लागत नव्हतं.

"बच्ची, कितना?"

"थर्टी-नाइन."

"उनतालीस?"

"आय डोन्ट नो, अंकल. थर्टी-नाइन. थ्री, नाइन."

हारुनने हसत पेन्सिलीने खांबावर लिहिलं. आठ वाजता एकोणचाळीस. नऊला एक्केचाळीस. दहाला त्रेचाळीस. अकराला पंचेचाळीस. आजोबांनी शिकवल्याप्रमाणे जसं दिसलं तसं. चार वजा न करता.

बाराला आभाचा ऑनलाइन वर्ग होता. तिने मला खांबाशेजारच्या कठड्याला बांधून ठेवलं आणि ती वर गेली. एक वाजता कुंदा खाली आली. तिच्या हातात स्टीलची टेप होती. चकचकीत, ड्रॅगन मार्टमधली. बारा दिरहॅम, म्हणजे दोनशे सत्तर रुपये, हे तिने आणली त्या दिवशी घरात सगळ्यांना ऐकवलं होतं. आणि तिने स्वतः प्रयोगशाळेतल्या पट्टीशी ताडून पाहिली होती. टेप चांगलीच होती. मी तिची निंदा करणार नाही.

"मैडम, बच्ची का स्केल इधर है," हारुन म्हणाला.

"वो टूटा हुआ है, भाई."

मी तिथेच होते. ऐकत होते.

कुंदाने टेप फरशीला टेकवली आणि वाकून वाचली. पंचेचाळीस. मग खांबावर पाहिलं. अकराला पंचेचाळीस. तिचा चेहरा सैल झाला. "हारुन भाई, पानी रुक गया! दो घंटे से वहीं का वहीं!"

"अल्लाह का शुक्र है."

तेवढ्यात गल्लीतून स्वयंसेवकांची रबरी होडी आली. दोन तरुण मुलं होती, कमरेपर्यंत भिजलेली. "आंटी, यहाँ ऑक्सिजन वाला पेशंट है ना? ले जाना है?"

कुंदाने क्षणभर विचार केला. "नहीं बेटा. पानी रुक गया है. किसी और को ले जाओ."

"पक्का? फिर हम शाम को ही आएँगे."

"पक्का."

मित्रांनो, तिच्याकडे असलेल्या आकड्यांवरून तिचा निर्णय योग्य होता. फक्त ते आकडे दोन वेगळ्या पट्ट्यांचे होते. अकराचे पंचेचाळीस माझे होते, म्हणजे खरे एक्केचाळीस. एकचे पंचेचाळीस टेपचे होते, म्हणजे खरे पंचेचाळीस. पाणी दोन तासांत चार सेंटीमीटर चढलं होतं. माझेच ते चार. माझी तूट आणि पाण्याची वाढ अगदी बरोबर जुळल्या आणि एकमेकींच्या मागे लपल्या. उंबऱ्याला पाच सेंटीमीटर उरले होते. अडीच तास. आणि ज्या बाईने आयुष्यभर प्रमाणपत्राशिवाय वस्तू हातात घेतली नाही, तिने पूर चालू असताना पट्टी बदलली होती.

मला ओरडता येत नाही. होडी वळली.

"ये भी ऊपर ले जाओ, मैडम. पानी में खराब होगा," असं म्हणून हारुनने मला सोडून कुंदाच्या हातात दिलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. लिफ्टमध्ये ती हलक्या मनाने गुणगुणत होती.

"अप्पा, थांबलं पाणी! अकराला पंचेचाळीस, आत्ता पंचेचाळीस. खलास!"

अप्पा तिच्याकडे पाहत राहिले. एक श्वास घेतला, मग दुसरा. "कशानं मोजलंस?"

"टेपनं. ह्या तुटक्यावर कोण..."

"आणि अकराचं?"

कुंदाने हातातली टेप खाली ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्या टोकाकडे नीट पाहिलं. आभाने कानातले इअरफोन काढले.

"मम्मा, यू चेंज्ड द स्केल? फॉर्टी-फाइव्ह मायनस फोर इज फॉर्टी-वन. इट डिडन्ट स्टॉप. इट रोझ!"

"होडी," कुंदा म्हणाली. एवढंच. आणि ती बाल्कनीकडे धावली. होडी तिसऱ्या इमारतीपर्यंत गेली होती. पाचव्या मजल्यावरून मारलेली हाक कुणाला ऐकू जाणार? तिने हारुनला फोन लावला. "भाई, रोको उनको! मेरी गलती हुई! पानी चढ़ रहा है!"

मग खालून असा आवाज आला की गल्लीतले सगळे बाल्कनीत आले. हारुन मांडीभर पाण्यात उभा राहून कचऱ्याच्या पिंपाचं पत्र्याचं झाकण लोखंडी सळईने बडवत होता. "ओ भाई! वापस! वापस!"

होडी थांबली. वळली.

"आंटी, अभी तो आपने ना बोला था," त्यातला एक मुलगा वैतागून म्हणाला, तेव्हा कुंदा अप्पांची खुर्ची लिफ्टमधून बाहेर ढकलत होती. आभाच्या कडेवर सिलिंडर होता.

"हो, बोला था. गलत बोला था. यल्ला, जल्दी!"

अप्पांना चौघांनी उचलून होडीत ठेवलं. त्यांचे ओठ निळसर झाले होते. तरी त्यांनी हात वर करून थांबायची खूण केली. "पट्टी हारुनकडं द्या," ते म्हणाले. "वाचन तुटू देऊ नका."

"अप्पा, आत्ता ते महत्त्वाचं आहे का?" कुंदा रडकुंडीला येऊन ओरडली.

"वर सत्तर घरं आहेत, कुंदा. त्यांनाही लिफ्ट चालू आहे तोवरच उतरता येईल."

म्हणून मी मागे राहिले. हारुन वाचत होता आणि पहिल्या मजल्यावरच्या मरियमबी पायरीवर बसून लिहीत होत्या. दोनला एक्कावन्न. तीनला त्रेपन्न. प्रत्येक आकडा हारुन जिन्यात तोंड घालून वर ओरडून सांगे आणि मजल्यामजल्यावर कुणीतरी तो पुढे पोहोचवी. तिसऱ्या मजल्यावरची गरोदर बाई, आठव्यावरचे पायाला प्लास्टर घातलेले काका, सगळे वेळेत खाली आले. साडेतीनला माझ्यावर चोपन्न झाले, म्हणजे खरे पन्नास. पाणी उंबऱ्यावरून लॉबीत शिरलं. दिवे गेले. लिफ्ट जिथे होती तिथे थांबली. रिकामी.

त्या वेळी अप्पा अल कुसैसला कुंदाच्या मावसभावाकडे होते. तिथे वीज होती. यंत्र चालू होतं. सिलिंडरमध्ये वीस मिनिटांचा ऑक्सिजन उरला होता. हे आभाने नंतर मोजून सांगितलं.

पाणी उतरायला सहा दिवस लागले. घरी परतल्यावर कुंदाने मला पुसून खिळ्यावर टांगलं. मग एका शुक्रवारी ती मला घेऊन फर्निचरच्या एका कारखान्यात गेली. आभा सोबत होती. तिथल्या कारागिराने मला पाहून सांगितलं, दहा मिनिटांचं काम आहे. त्याच रंगाचं लाकूड लावतो, शून्य ते चार आकडे काढतो, जोड दिसणारसुद्धा नाही. त्याने सरस काढला. मला शिकंज्यात धरलं.

मला आयुष्यात भीती वाटली ती तेव्हाच. डब्याच्या दारात वाटली नव्हती.

कारण विचार करा. ते चार जोडले असते, तर मी नवी झाले असते. पण मग वळिवड्याची वही खोटी पडली असती. पंचगंगेचे सगळे पावसाळे, खांबावरची हारुनची पेन्सिल, सगळ्यात चाराची चूक शिरली असती, आणि ही चूक कुठून आली हे पन्नास वर्षांनी कुणालाच कळलं नसतं. शिवाय ते चार माझे नाहीतच आता. ते अठ्ठावन्न माणसांचे आहेत.

"मम्मा," आभा म्हणाली, "व्हाय आर वी फिक्सिंग इट? इट वॉजन्ट राँग."

 मशीनच्या घरघरीत कुंदाचा आवाज नीट ऐकू आला नाही, पण ओठ दिसले. "पट्टीची दुरुस्ती करायला नाही आले मी. माझी चूक झाकायला आले." मग तिने कारागिराला सांगितलं, "भैया, छोड़ दो. जैसा है वैसा ही ठीक है." पर्समधून तिने एक बारीक टोकाचं पेन काढलं, ज्याने ती प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर खुणा करते. माझ्या पाठीवर तिने सुवाच्य अक्षरात दुरुस्तीचा आकडा, उणे चार, आणि तारीख लिहून खाली आपली सही केली. तिच्या कंपनीत प्रमाणपत्र असंच असतं.

तर मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. तुमच्या घरात काही तुटकं असेल, झिजलेलं असेल, किंवा तुमच्यापैकीच कुणी असेल, ज्याची सुरुवात कुठेतरी दूर राहून गेली आहे, तर त्याला काचेच्या कपाटात ठेवू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. किती कमी आहे ते एकदा नीट मोजा. तो आकडा लिहून ठेवा. आणि मग कामाला लावा.

माझी कीव करू नका. वजाबाकी करा.